लाल ठिपका वर

“लाल ठिपका वर. खालच्या चुंबकाचाही वर आणि वरच्याचाही वर. देवाचं नाव चुकलं तर तो समजून घेतो, कुमुद. हा तिठा समजून घेत नाही.”

हुद्दार सरांचं हे वाक्य मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या सकाळी त्यांनी ते पुन्हा म्हटलं, मशीनच्या मागच्या खोलीत गुडघे टेकून, तोंडात बॅटरी धरायच्या आधी. मी मान हलवली. चातुर्मास चालू होता आणि चातुर्मासात दुपारी बारापर्यंत माझं मौन असे. गळ्यात पाटी अडकवलेली असायची. काही सांगायचं झालं तर त्यावर लिहायचं. हॉस्पिटलात सगळ्यांना त्याची सवय झाली होती. सर म्हणायचे, “देवाला तू लाच देतेस की पगार, एकदा सांगून टाक.” संध्याकाळी मारुतीच्या देवळात दिवा लावायचा, हा दुसरा नेम. तो नऊ वर्षांत चुकला नव्हता.

आमचं हॉस्पिटल कॅन्सरचं, एका ट्रस्टचं, लहानसं. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं मशीन एकच, तेही परदेशातल्या कुणीतरी वापरून दिलेलं. ते चालतं ठेवणारे आम्ही दोघंच. सर नौदलात वीस वर्षं रडार सांभाळून आलेले, आणि मी आयटीआय झालेली. दसऱ्याच्या तीन दिवस आधी मशीन बंद पडलं होतं. आज बारावा दिवस होता.

“पिना काढल्यास?”

मी केसातल्या पिना, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन, सगळं एका वाटीत काढून ठेवलं. त्या चुंबकांजवळ लोखंडाचं काही नेलं की हातातून हिसकावून घेत.

दारात लवटेमामा येऊन बसले होते. एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारे, गणपत लवटे. चौतीस वर्षं त्यांचा आवाज सगळ्या तालुक्यानं ऐकलेला. आता गळ्याला गाठ होती. पस्तीस शेकांपैकी अठरा झाले होते आणि मशीन बसलं. बोलायचं नाही असं डॉक्टर मुजावर बाईंनी त्यांना बजावलं होतं. ते तरीही बोलत, घोगऱ्या कुजबुजीत.

“हुद्दारसाहेब, मोडलंय काय ते तरी सांगा. बारा दिवस नुसतं ‘पार्ट यायचाय’ ऐकतोय.”

सरांनी बॅटरी तोंडातून काढली. “लवटे, तुमच्या स्टँडवर गाडी एका फाटकातून आत येते, दुसऱ्यानं बाहेर जाते. आली त्याच फाटकातून कुणी रिव्हर्स घातली तर?”

“तर कंट्रोलर पुढं येऊन त्याच्या आईब...” मामांनी माझ्याकडे पाहिलं. “रागावतो.”

“तसंच इथं. हा मॅग्नेट्रॉन. हा आपला डेपो. इथून लाटा निघतात, या चौकोनी नळीतून मुख्य मशीनकडं जातात आणि तिथं तुमचा शेक तयार होतो. पण सगळ्या लाटा तिथं खपत नाहीत. काही आपटून परत फिरतात. त्या डेपोत घुसल्या तर डेपो जळतो. म्हणून मधे हा तिठा. याला सर्क्युलेटर म्हणतात. डेपोकडून आलेली लाट इथं वळून मशीनकडंच जाणार. मशीनकडून परत आलेली पुढच्या फाट्याला, तिथं पाण्याचं भांडं आहे, त्यात ती विझते. आल्या वाटेनं कुणी मागं नाही.”

मामांनी मान लांब करून आत पाहिलं. “पण फाटक तर कुठं दिसत नाही. वळवतो कोण?”

सर खूश झाले. हा प्रश्न त्यांना आवडायचा. नवीन आलेली चकती त्यांनी फडक्यात धरून दाखवली. काळी, गुळगुळीत, भाजलेल्या खापरीसारखी. जुनी चकती तडकली होती म्हणूनच मशीन थांबलं होतं, आणि ही आदल्या संध्याकाळी बंगलोरहून आली होती.

“हा फेराइट. याच्या वर एक चुंबक, खाली एक. त्यांच्यामुळं याच्या आतले बारीक कण भोवऱ्यासारखे एकाच दिशेनं घुमत राहतात. लाट इथं आली की दोन वाटांनी फुटते, एक उजवीकडून, एक डावीकडून. भोवऱ्यांच्या दिशेनं जाणारीचा वेग वेगळा, उलट जाणारीचा वेगळा. मग एका तोंडाशी दोघी बरोबर जुळतात आणि लाट बाहेर पडते. दुसऱ्या तोंडाशी एकमेकींना मारून टाकतात, काही उरत नाही. दार नाही, पण बंद.”

“आणि चुंबक बिघडला तर?”

“बिघडायला नको. दोनपैकी एक नुसता उलटा बसला तरी पुरे. मधल्या जागेत दोघं एकमेकांचा जोर खाऊन टाकतात. मग ही नुसती खापरी. लाट वाटेल तिकडं जाते. डेपोतसुद्धा.”

मला हे पहिल्याच वर्षी समजलं होतं. आमच्या मारुतीच्या देवळात भोवती भिंत नाही, दोरी नाही, तरी उलटी प्रदक्षिणा कुणी घालत नाही. सरांना मी हे लिहून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, “तिथं कुणी उलटं फिरलं तरी मॅग्नेट्रॉन जळत नाही.”

सर सामान आणायला आत गेले तसे मामा माझ्याकडे सरकले. “ताई, बाईंनी काल स्पष्ट सांगितलं. खंड पडला की गाठ पुन्हा उचल खाते. आज सुरू झालं तर उद्यापासून घेऊ म्हणाल्या. न्हाई तर मुंबई. मुंबईला आवाजाची पेटीच काढून टाकत्यात.” त्यांनी गळ्यावरून हात फिरवला. “मी न्हाई जायचो मुंबईला. पेटी काढलेला लवटे घेऊन बायको तरी काय करेल? मी आपला करंजवाडीत पडून राहीन.”

मी पाटी हातात घेतली.

“आज जमलं न्हाई आणि मी गावाकडं गेलो, आणि मागनं हे सुरू झालं, तर मला कळायचं कसं? वाडीत फोन न्हाई.”

मी लिहिलं : मी स्वतः येऊन सांगेन.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “पुसू नका,” म्हणाले.

मी पाटी उलटी केली. दुसरी बाजू कोरी होती.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. दर वर्षी मीच करते. सरांची ताकीद एकच : हळदकुंकू बाहेरच्या पत्र्याला, आतल्या कशाला बोट नाही. त्या वर्षी मशीन उघडं पडलेलं, चुंबक तेलकट फळीवर काढून ठेवलेले. मी पत्र्याला कुंकू लावत असताना मामा आपट्याचं सोनं घेऊन आले. “ताई, दुखतं एकीकडं आणि औषध लावताय दुसरीकडं. जे आजारी आहे त्याला लावा की. माझ्या नावानं लावा.” सर जेवायला गेले होते. मी कुंकू पाण्यात कालवलं होतं. अनामिकेनं दोन्ही चुंबकांना एकेक टिळा लावला. फूलही वाहिलं. मामांनी हात जोडले आणि खूप वेळ सोडले नाहीत.

आता ते चुंबक फळीवरून उतरवून मी स्पिरिटनं पुसत होते. खालचा पुसला. त्याच्यावरचं कुंकू निघालं आणि त्याखालचा रंगाचा लाल ठिपका तसाच राहिला. सरांनी तो खाली बसवला. फेराइटची चकती बसली, नळीचं झाकण बसलं. मग दुसरा. त्याच्या वरच्या अंगाला लाल डाग होता, गोल, तेलात मुरलेला. मी पुसला तरी गेला नाही. फक्त माझ्या बोटाला थोडं लाल लागलं. मी चुंबक उलटा करून पाहिला. त्या बाजूलाही काहीतरी होतं, तपकिरी, खरवडल्यासारखं, बाजरीच्या दाण्याएवढं.

“लाल वर?” बॅटरी तोंडात असल्यामुळे सरांचे शब्द अर्धवट आले.

मी बोट पदराला पुसलं. मान हलवली.

“होकायंत्र आणतेस? टेबलाच्या...” एवढ्यात मुजावर बाई दारात आल्या. गोऱ्या, बारीक, सतत घाईत. “सर, तेवीस जण बाहेर बसलेत. मी काय सांगू त्यांना?”

“पंधरा मिनिटं, डॉक्टर.” सर माझ्याकडे वळले. “राहू दे होकायंत्र. तू बघितलंयस ना? मग मला बघायला नको.”

वरचा चुंबक बसवताना दोघांचे हात लागत. तो खालच्याकडे अशी झेप घ्यायचा की बोटं चेंगरायची. मागच्या वेळी माझं नख काळं झालं होतं. त्या दिवशी तो झेपावला नाही. वर तरंगल्यासारखा राहिला. मला तो दाबून बसवावा लागला. सरांनी स्क्रू आवळले.

“आज शहाण्यासारखा बसला,” ते म्हणाले.

साडेदहाला आम्ही बाहेरच्या खोलीत पॅनलसमोर आलो. जाड भिंतीच्या आत कुणी नाही याची खात्री केली. सरांनी बटण दाबलं आणि हळूहळू विजेचा दाब वाढवत नेला. मीटरचा काटा चढला, थांबला, थरथरला. आतून आवाज आला, कुणी सुकी काटकी मोडावी तसा. मग लागोपाठ तीन. काटा उजव्या टोकाला आपटला आणि शून्यावर येऊन पडला. जळका, कडवट वास पंख्यातून बाहेर आला.

सरांनी बटणावरचं बोट काढलं नव्हतं.

“गेला,” ते म्हणाले.

मुजावर बाईंनी विचारलं, “म्हणजे?”

“मॅग्नेट्रॉन. जुना होता. सहा वर्षं रेटला मी त्याला. तापला आणि गेला.”

“दुसरा आहे ना?”

“आहे. एकच. तोही गेला तर परदेशातून यायला पाच महिने.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “डॉक्टर, तिठा मी आत्ता स्वतःच्या हातानं बसवलाय. त्यात खोट नाही. जुन्याचंच मरण आलं होतं. नवा घालतो. दुपारी अडीच-तीनपर्यंत.”

बाई बाहेर गेल्या. त्यांनी लोकांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण बाक सरकल्याचे आवाज आले. एक बाई हुंदके देत बाहेर गेली. सर जळालेला मॅग्नेट्रॉन सोडवायला लागले. नळ्यांतलं पाणी काढायचं, जोड उघडायचे, सगळं जपून. मी पाने देत होते. एकच बोल्ट त्यांच्या हातून दोनदा खाली पडला.

पाटी माझ्या छातीवर होती. खडू कमरेला.

बाराला सूतगिरणीचा भोंगा झाला.

“भोंगा झाला, कुमुद,” सर मान वर न करता म्हणाले. “बोल आता. मला चार शिव्या दिल्यास तरी चालेल.”

मी म्हटलं, “सर, पाणी आणू?”

अर्ध्या तासानं हातातलं काम उरकून पाणी आणायला बाहेर आले तर लवटेमामा पिशवी भरत होते. धोतर, तांब्या, औषधाची बाटली. त्यांच्या शेजारचा बाक रिकामा झाला होता.

“मामा, नवीन बसवतायत. तीनपर्यंत...”

“ताई, काटकी मोडल्यागत वाजलं ते मी हितनं ऐकलं.” ते हसले. “चौतीस वर्षं गाड्यांचे आवाज ऐकलेत. कुठली पुढं जायची न्हाई ते कळतं.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली, ताठ उभे राहिले आणि हवेतला माइक तोंडापाशी धरला. “फलाट क्रमांक दोनवरून... करंजवाडीला जाणारी एक वाजताची...” आवाज मध्येच फाटला. ते खोकत भिंतीला टेकले. मी पाठीवर हात ठेवला. खोकला थांबायला बराच वेळ लागला.

तेव्हा माझं मौन सुटून चाळीस मिनिटं झाली होती.

“जपून जा, मामा,” मी म्हटलं.

“पाटी पुसली न्हाई न्हवं?”

“नाही.”

ते गेले. मी सरांना पाणी नेऊन दिलं.

त्यानंतरच्या दोन तासांत मी देवाचं नाव घेत नव्हते, हे मला आजही आठवतं. एरवी काम करताना ओठात रामरक्षा चालू असते. त्या दुपारी पहिली ओळ आली की पुढची येईना. सर नवीन मॅग्नेट्रॉन पेटीतून काढत होते, तान्ह्या मुलाला उचलावं तसा दोन्ही हातांनी. पेटीतला भुसा त्यांच्या मिशीला लागला होता. मी स्वतःशी हिशेब मांडत होते : तो डाग रंगाचाही असेल. चुंबक तेलामुळेही घसरला असेल. सरांनी सांगितलंय जुना होता म्हणजे जुनाच असेल. प्रत्येक वेळी हिशेब जुळायचा, आणि प्रत्येक वेळी माझा अंगठा अनामिकेच्या टोकावरून फिरायचा.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पुन्हा पॅनलसमोर होतो. मुजावर बाई सरांच्या मागे उभ्या. थंडाव्याचे दोन्ही पंखे चालू होते, खोलीभर घरघर.

“जय भवानी म्हण, कुमुद,” सर म्हणाले. “आज मीसुद्धा म्हणतो.” आणि हात बटणाकडे नेला.

“सर,” मी म्हटलं.

माझा आवाज मुळातच बारीक. आई म्हणायची, कुमुद बोलली की नाही ते तिच्या ओठांकडे बघून ठरवावं लागतं. पंख्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही. सरांचं बोट बटणावर टेकलं.

“सर, थांबा! दाबू नका! चुंबक उलटा आहे!”

ती किंकाळी माझी होती हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. सरांनी बोट पोळल्यासारखं उचललं. मग त्यांनी पंखे बंद केले. एकाएकी इतकं शांत झालं की बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या.

“वरचा,” मी म्हटलं. “त्याच्यावरचा लाल ठिपका तुमचा नाही. कुंकू आहे. दसऱ्याला मी लावलं. तुमचा रंग खालच्या बाजूला आहे, झिजलाय.”

“तुला नक्की माहितीय?”

“बोटाला लागलं होतं. आणि बसताना तो ओढला नाही.”

सर उठले. टेबलाच्या खणातून होकायंत्र घेतलं, नौदलातलं, पितळी. आत जाऊन त्यांनी ते आधी खालच्या चुंबकाच्या पायाशी धरलं, मग वरच्याच्या डोक्याशी. मी दारातून पाहत होते. काट्यानं दोन्ही ठिकाणी एकच टोक पुढे केलं. एक टोक एकाकडे आणि दुसरं दुसऱ्याकडे वळायला हवं होतं.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कधी कळलं?”

“दहाला.”

“बाराला भोंगा झाला होता.”

“हो.”

“आणि बाराच्या आधी पाटी होती.”

“होती, सर.”

त्यांनी होकायंत्राचं झाकण बंद केलं. “पाना दे,” म्हणाले.

झाकण उघडलं. वरचा चुंबक निघाला. मी तो स्पिरिटनं दोन्ही बाजूंनी घासला, लाल गेलं, सगळं गेलं. सरांनी होकायंत्रानं बाजू ठरवून नवा ठिपका दिला आणि फुंकर मारून वाळवला. मग आम्ही दोघांनी तो धरला. खाली आणायला लागलो तशी त्यानं झेप घेतली, माझा अंगठा चिमटला, आणि ठक्क करून तो बसला.

“अस्सा,” सर म्हणाले. बटण दाबेपर्यंत ते माझ्याशी एवढंच बोलले.

पावणेचारला बटण दाबलं. काटा चढला. हिरव्या पट्ट्यात आला आणि तिथे उभा राहिला. एक मिनिट. पाच मिनिटं. बाईंनी आतल्या मापकाचे आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि तोंडावर हात ठेवला.

“सकाळचा मॅग्नेट्रॉन माझ्यामुळे गेला, डॉक्टर,” मी म्हटलं. “जुना म्हणून नाही. रिपोर्टात तसंच लिहा.”

सर काही म्हणणार होते. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. “ते तुम्ही उद्या स्वतःच्या हातानं लिहून द्याल. ट्रस्टसमोरही तुम्हीच बोलाल.” मग त्यांनी पेशंटांची यादी उघडली. एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. बहुतेक गावातच होते, धर्मशाळेत. बोट एका नावावर थांबलं.

“लवटे?”

“एकच्या गाडीनं गेले. करंजवाडीला.”

“फोन?”

“नाही.”

बाईंनी यादी मिटली. “उद्या सकाळी नऊला ते टेबलावर हवेत. आणखी एक दिवससुद्धा मी त्यांना देऊ शकत नाही. पत्र पोचेपर्यंत चार दिवस जातील.” असं म्हणून त्या बाकीच्यांना सांगायला बाहेर गेल्या.

मी वाटीतल्या पिना केसांत खोचल्या. सर खुर्चीत बसून मिशीतला भुसा काढत होते.

“शेवटची गाडी साडेचारला,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “परतीची पहाटेचीच. रात्री तिथंच राहावं लागेल.”

“माहितीय, सर.”

“आणि तुझा दिवा? मारुतीचा?”

मी चपला पायात सरकवल्या. “आज राहील.”

स्टँडवर दुसराच कुणी माणूस गाड्या पुकारत होता, भराभर, गावांची नावं गिळत. करंजवाडीची गाडी फलाट दोनवर लागलेली होती. मी खिडकीशी बसले आणि पाटी मांडीवर घेतली. लिहिलेली बाजू वर ठेवली, पदर लागून पुसू नये म्हणून.

कंडक्टर आला. मी तिकीट मागितलं. त्यानं कान पुढे केला.

“एक करंजवाडी,” मी मोठ्यानं म्हटलं.